लोर्कनच्या वेकला आलेली माणसं

किलब्रॅक, ९ फेब्रुवारी

प्रिय अट्टी,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. पत्राचं एक बरं असतं, ते बोलता बोलता मध्येच ठेवून देता येत नाही. फाडून टाकता येतं, पण ते मला दिसणार नाही.

नाताळच्या आधी तू म्हणालीस, "डिम्फना, तू त्याला बुडवलंस," आणि फोन ठेवलास. मी रिसीव्हर हातात धरून स्वयंपाकघरात उभीच राहिले. मॅमीने विचारलं, "कोण होतं?" मी म्हटलं, "वाचक." खोटं नव्हतं ते. माझ्या पुस्तकांना तुझ्याइतकी जुनी वाचक दुसरी कोण आहे?

आणि माझ्यावर तू एकटीच चिडली आहेस असं समजू नकोस. नोरीन रोज टपालाची गाडी दारात उभी करते आणि ओरडते, "घे, तुझे भक्त आलेत!" गेल्या आठवड्यात स्लायगोच्या एका मुलीने तिसरा भाग परत पाठवला. पहिलं प्रकरण तेवढं कापून काढलेलं, आणि कव्हरवर चिठ्ठी: "उरलेलं पुस्तक चांगलं आहे." एकीने लिहिलंय, "मी चौदा वर्षांची आहे. मी तुमच्यावर कधी रागावेन असं मला वाटलं नव्हतं. आता मला तुमच्या फोटोकडेही बघवत नाही." तिचं मी समजू शकते, तो फोटो मलाही बघवत नाही. एका वडिलांचं पत्र आहे. मुलगी तीन दिवस जेवली नाही म्हणून त्यांनी स्वतः पुस्तक वाचायला घेतलं, आणि आता तेही चिडलेत.

लोकांचं म्हणणं असं, की दुसऱ्या भागाच्या शेवटी लोर्कन होडी घेऊन वादळात गेला, तेव्हा तो परत येणार हे ठरलेलंच होतं. मी त्यांना सहा वर्षं थांबवलं. आणि तिसऱ्या भागाच्या पहिल्याच प्रकरणात सांगून टाकलं, की तो त्याच रात्री बुडाला. लढाई नाही, निरोप नाही. होडी उलटी सापडली आणि संपलं.

तू हेच वाचलंस. फरक एवढाच, की त्यांना लोर्कन दिसला आणि तुला आपला धाकटा फिंटन. मी नाकारत नाही. ती शिट्टी फिंटनची आहे, ते लांब हात फिंटनचे आहेत. पहिला भाग आला तेव्हा तूच पर्थहून फोन करून रडत हसत म्हणाली होतीस, "अगं, तू त्याला परत चालतं-बोलतं केलंस!" मग त्याला पुढे कुठे न्यायचं हे मी तुला विचारायला हवं होतं, असं तुला वाटत असणार. मला तसं वाटत नाही. हे मी आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढची पत्रं तू माफीची वाट बघत वाचणार नाहीस.

मॅमी बरी आहे. गुडघा दुखतो, जीभ दुखत नाही. तिसरा भाग तिने उघडलेला नाही. म्हणते, "शेवट काय आहे ते मला माहीत आहे."

तुझी,
डिम्फना

किलब्रॅक, २ एप्रिल

प्रिय अट्टी,

तुझं उत्तर नाही. पत्र परतही आलं नाही. म्हणजे पाकीट घरात कुठेतरी आहे, एवढं मी धरून चालते.

परवा एनिसच्या वाचनालयात मला बोलावलं होतं. मी आपली नेहमीचं भाषण घेऊन गेले: लिहायला कुठून सुचतं, रोज किती लिहिता, वगैरे. हॉल पोरींनी भरलेला. नेहमी त्या माझ्याकडे बघून हसतात. या वेळी कुणी हसलं नाही. शाळेत चोरी झाल्यावर वर्ग बसतो ना, तशा बसल्या होत्या.

भाषण संपायच्या आतच एक उभी राहिली. टल्ला गावची. नाव ईमर, पंधरा-सोळा वर्षांची. कमोगीच्या खेळाच्या सरावावरून थेट आलेली, गुडघ्याला चिखल, खेळायची काठी खुर्चीला टेकवलेली.

"लोर्कनचा देह कुणी पाहिला?" तिने विचारलं.

"कुणीच नाही," मी म्हटलं.

"मग तो मेला असं तुम्ही कशावरून म्हणता?"

"मी लेखिका आहे म्हणून."

सगळ्या हॉलने नाक मुरडलं. ईमर म्हणाली, "हे उत्तर नाही झालं. होडी उलटी सापडली, एवढंच तुम्ही लिहिलंय. होडी कुणीही उलटी करू शकतो. आणि त्याची पिशवी कुठे गेली? दुसऱ्या भागात त्याच्याकडे पिशवी आहे. तिसऱ्यात कुणी तिचं नावच काढत नाही."

अट्टी, मला पाणी प्यावं लागलं.

ती पिशवी मी लिहिली होती हे माझ्या लक्षातही नव्हतं. हे सगळं फिंटनची होडी सापडली तेव्हा तू आपल्या स्वयंपाकघरात डॅडला विचारलं होतंस, शब्द न् शब्द. होडी कुणीही उलटी करू शकतो. त्याची पिशवी कुठे? त्याचा कोट कुठे? शेवंडाचे पिंजरे काढायला जाताना कुणी चांगला कोट घालून जातं का? डॅड उठले. ते बाहेर जाऊन दोर गुंडाळत बसले. तू लंडनला गेलीस. तिथे बांधकामावरच्या आयरिश पोरांना फिंटनचा फोटो दाखवत फिरलीस. मग मिलटाउनच्या कुणाला तरी तो पर्थच्या पबमध्ये दिसला म्हणून तिथे गेलीस, आणि तिथलीच झालीस.

ईमरला मी काय उत्तर दिलं? म्हटलं, "चांगला प्रश्न आहे." सगळ्यांत पळपुटं उत्तर.

कार्यक्रम संपल्यावर ती रांगेत आली. पुस्तक पुढे केलं नाही. म्हणाली, "आमच्यात दोन तट पडलेत. अर्ध्या म्हणतात गेला, अर्ध्या म्हणतात आहे. दोन जिवलग मैत्रिणी बोलत नाहीत एकमेकींशी. तुम्ही एकदा काय ते सांगून टाका ना."

"तू कुठल्या तटात?"

"मला अजून ठरवता येत नाही," ती म्हणाली. तिचा चेहरा असा झाला, की मी तिला केक खाऊन जायला सांगितलं. दुसरं काय सांगणार?

फिडेल्मा, माझी डब्लिनची संपादक, तिलाही पोरींची पत्रं जातात. तिचं म्हणणं मी पुढच्या पत्रात लिहीन. आज मॅमीला डॉक्टरकडे न्यायचं आहे. काळजीचं काही नाही, कान साफ करायचेत.

डिम्फना

किलब्रॅक, ३० मे

प्रिय अट्टी,

फिडेल्माचं म्हणणं असं: चौथा भाग लिही, आणि त्याला परत आण. ती फोनवर म्हणाली, "अगं, फार काही नको. सुरुवातीला एक पान. पहाटेची वेळ, वाळूवर ओली पावलं, लांबून शिट्टी. बस्स. पोरी रडतील, मी रडेन, आणि सगळे परत तुझ्यावर प्रेम करायला लागतील."

मी म्हटलं, "आत्ता करत नाहीत?"

"आत्ता त्यांना तुला समुद्रात ढकलायचंय, डिम्फना."

खरं सांगू? मी ते पान लिहिलं. एका सकाळीत झालं. लोर्कन वाळूवरून चालत येतो, दाढी वाढलेली, खांद्यावर पिशवी. सहा वर्षं तो उत्तरेच्या बेटांवर होता. मला लिहिताना इतका आनंद कितीतरी दिवसांत झाला नव्हता. तुझी आठवण होत होती. वाटलं, हे पान आधी तुला पाठवावं, नुसतं पान, वर काही न लिहिता.

पाकिटावर तुझा पत्ता घातला होता मी.

पण त्याआधी ते मॅमीला वाचून दाखवलं. तिसरा भाग तिने वाचलेला नाही, तरी सगळं तिला ठाऊक आहे, नोरीनच्या कृपेने. ती सोलत होती ते बटाटे तसेच ठेवून ऐकायला बसली. शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "छान लिहिलंयस."

"पण?"

"पण काही नाही. एवढी वर्षं तो होता कुठे?"

"बेटांवर."

"तिथे टपाल नव्हतं?"

मी म्हटलं, "मॅमी, ते कल्पनेतलं राज्य आहे."

"असू दे. आई असेल ना त्याची कुठेतरी? एक ओळ टाकता आली नाही त्याला? जिवंत आहे, काळजी करू नका, एवढं?" मग तिने पुन्हा बटाटा हातात घेतला. सोलता सोलता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "अट्टीला वाटतं तो आहे. वाटू दे. तिला ते वाटल्याशिवाय जगता आलं नसतं. पण माझा विचार कर. समुद्राने नेला असेल, तर माझं पोर गेलं. आणि जिवंत असेल, तर त्या पोराने मला तीस वर्षं असं ठेवलं. बापाच्या मातीलाही आला नाही. मेलेल्यावर मी कधी रागावले नाही गं. जिवंत असेल तर मला फार राग येईल. आणि मला त्याच्यावर रागवायचं नाही."

घरात तिच्या तोंडून 'तो' एवढंही मी कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं.

ते पान मी चुलीत घातलं. फिडेल्माला कळवलं, की चौथा भाग नाही. ती म्हणाली, "विचार कर." मी म्हटलं, "केला." तिने लांब श्वास सोडला आणि हवापाण्याच्या गप्पा सुरू केल्या. भली बाई आहे.

मॅमीचं बोलणं तुला कळवावं की नाही, याचा मी आठवडाभर विचार केला. तिने कळव असं सांगितलं नव्हतं. कळवू नकोस असंही नाही. आता लिहून झालंय.

डिम्फना

किलब्रॅक, २१ ऑगस्ट

प्रिय अट्टी,

आज मोठं पत्र आहे. चहा घेऊन बस.

जुलैमध्ये ईमरचा निरोप आला, "आम्हाला लोर्कनचा वेक करायचा आहे. तुमच्या गावात चालेल का?" आधी मला वाटलं चेष्टा आहे. पण तिने नीट लिहिलं होतं. ज्यांना तो गेला असं वाटतं, त्या पोरींना त्याच्यासाठी एकत्र बसायचं आहे. तिची आजी गेली तेव्हा वेक झाला होता, सगळे रात्रभर देहापाशी बसले होते, आणि त्यानंतर तिला जरा बरं वाटलं होतं. लोर्कनचं तसं काहीच झालं नाही, म्हणून तो सारखा डोक्यात फिरत राहतो.

मी मॅमीला सांगितलं. वाटलं, ती म्हणेल हा काय पोरखेळ. डॅडचे शब्द तुला आठवत असतील: "देहच नाही, तर वेक कुणाचा? बसायचं कुणापाशी?" गावाने तेव्हा चार दिवस वाट पाहिली, आपल्या दारात कुणी यायला धजेना, आणि मग कुणी आलंच नाही. मॅमी म्हणाली, "सँडविच कोण करणार?"

ते नोरीनने केले. पॅरिशचा हॉल मिळाला. काल, शनिवारी दुपारी लिमरिककडून एक बस आली, पाठोपाठ आईवडिलांच्या गाड्या. साठ-सत्तर पोरी असतील, चारपाच पोरगे. बहुतेक काळ्या कपड्यांत, एकीने समुद्रपक्ष्याच्या पिसांचा अंगरखा केलेला. टेबलावर पांढरी चादर, त्यावर लोर्कनचं चित्र, दोन मेणबत्त्या. चित्र टल्ल्याच्या पोरींनी काढलेलं. नाक अगदीच चुकलंय, पण खांदे बरोबर.

चित्राशेजारी त्यांनी एक रिकामी खुर्ची ठेवली होती. लोर्कनच्या आईची. मी पुस्तकात त्याच्या आईबद्दल एक ओळ लिहिलेली नाही, तरी त्यांनी तिच्यासाठी खुर्ची ठेवली.

मॅमी माझ्या हाताला धरून आत आली, हॉलभर नजर फिरवली, आणि सरळ जाऊन त्या खुर्चीत बसली. पर्स मांडीवर ठेवली. पोरी माझ्याकडे बघायला लागल्या.

तेवढ्यात पॅकी कॉन्सिडाइन आला. काळा टाय, पॉलिश केलेले बूट. हॉलबाहेर गाड्या दिसल्या, म्हणजे कुणीतरी गेलं, एवढाच त्याचा हिशेब. दारातल्या पहिल्याच पोरीचा हात हातात घेऊन म्हणाला, "फार वाईट झालं हो. कोण गेलं?"

"लोर्कन," ती म्हणाली.

"तरुण होता?"

"एकोणीस."

"अरेरे. कुठले तुम्ही लोक?"

पोरगी गोंधळली. म्हणाली, "तो मिठाच्या राज्यातला होता."

"म्हणजे फार लांबून आलात," पॅकी म्हणाला, आणि पुढच्या पोरीचा हात हातात घेतला. मग त्याचं लक्ष भिंतीकडे गेलं. "घड्याळ चालूच? माणूस गेलं की घड्याळ थांबवायचं असतं, कुणी थांबवलं नाही? कसली माणसं तुम्ही!" आणि नव्वदीला टेकलेला तो माणूस खुर्चीवर चढून लंबक धरायला निघाला. तीन आयांनी त्याला खाली धरून ठेवलं, चौथीने घड्याळ थांबवलं.

मग रांग लागली. कुणी सांगितलं नाही, आपोआप लागली. एकेक पोरगी चित्रासमोर थांबायची, मग मॅमीसमोर यायची, हात पुढे करायची आणि म्हणायची, "तुमच्यावर आलं त्याचं फार वाईट वाटतं." पहिल्या दोघी लाजत म्हणाल्या. मॅमीने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "आलीस, बरं केलंस, बाळा." त्यानंतर कुणी लाजलं नाही.

शेवटची होईपर्यंत ती ताठ बसून होती. एकदाही गुडघ्याला हात लावला नाही.

चहा आला. पोरी तिच्याभोवती जमिनीवर बसल्या. वेकला बोलतात तसं लोर्कनबद्दल बोलायला लागल्या. कुणाला त्याचा कुठला प्रसंग आवडतो, कोण कुठे रडलं. मॅमी ऐकत होती. मग म्हणाली, "दातांच्या फटीतून शिट्टी वाजवायचा. एकदासुद्धा सुरात नाही."

"हे पहिल्या भागात आहे!" एक ओरडली.

"माझ्या पोरीने माझ्याकडून चोरलंय ते," मॅमी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. "उकडलेलं अंडं खालच्या बाजूने फोडायचा. का विचारलं तर म्हणायचा, वरून सगळेच फोडतात. आणि मांजराला घाबरायचा. एवढा मोठा झाला तरी. मांजर खुर्चीवर असेल तर उभ्याने जेवायचा."

पिसांवाली म्हणाली, "हे पुस्तकात नाहीये."

"पुस्तकात सगळं कसं मावेल?" मॅमी म्हणाली. "मांजराला मी बाहेर काढायची तेव्हा कुठे फिंटन बसायचा."

नाव तिच्या तोंडून गेलं, आणि तिला कळलंही नाही. पोरींना कळलं. "फिंटन कोण?" एकीने विचारलं.

मी तोंड उघडलं, पण माझ्या आधी पॅकी बोलला. सँडविच संपवून, बोटं पुसून, अगदी साधेपणाने. "यांचा धाकटा. समुद्रावर गेला तो. आमची पोरं त्याच्याच वयाची."

ईमर माझ्याकडे बघत होती, आणि वाचनालयात विचारलेलं सगळं तिला आता आठवत होतं हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मला वाटलं, ती माझ्याकडे येईल. ती आली नाही. ती उठली, पार दाराशी गेली, तिथून पुन्हा चालत आली, मॅमीसमोर उभी राहिली आणि हात पुढे केला. "मिसेस गॅरिही," ती म्हणाली, "फिंटनचं फार वाईट झालं."

तिच्यामागे पिसांवाली उभी राहिली. तिच्यामागे सगळ्या. दुसऱ्यांदा रांग लागली, अट्टी. पॅकीसुद्धा रांगेत. तीस वर्षं तो रोज आपल्या दारावरून जातो आणि कुंपणाला हात लावतो. काल त्याने मॅमीचा हात धरला आणि सोडेचना. मॅमीच म्हणाली, "माहीत आहे रे, पॅकी. माहीत आहे."

मीही रांगेत उभी राहिले. सगळ्यांच्या शेवटी. ती मला म्हणाली, "आलीस, बरं केलंस, बाळा," जसं सगळ्यांना म्हणत होती तसंच.

आता खरी गोष्ट. हिच्यासाठीच हे पत्र.

दुसऱ्या तटातल्या पोरीही आल्या होत्या. दहाबारा जणी. त्या आत आल्या नाहीत. हॉलसमोरच्या भिंतीवर ओळीने बसल्या होत्या, हातात पुठ्ठे: 'लोर्कन जिवंत आहे.' घोषणा नाहीत, आरडाओरडा नाही. नुसत्या बसल्या होत्या, समुद्राकडे तोंड करून. वारा असा, की पुठ्ठे दोन्ही हातांनी धरावे लागत होते.

मॅमीला खिडकीतून त्या दिसल्या. तिने नोरीनला विचारलं, "त्यांना कुणी काही दिलं का?" नोरीन म्हणाली, "त्यांना वेक मान्य नाही, मिसेस गॅरिही. त्या निषेध करतायत." मॅमी उठली. एका हातात काठी, दुसऱ्या हातात सँडविचची थाळी. मी किटली घेऊन मागे.

पोरी भिंतीवरून उतरून उभ्या राहिल्या. त्यांच्यातली थोरली, लिमरिकची, जरा चाचरत म्हणाली, "तुमचा अपमान करायचा नाही आम्हाला. पण तो गेलाय असं आम्हाला वाटत नाही."

मॅमीने थाळी तिच्यासमोर धरली. "तुम्ही खुशाल वाट बघा," ती म्हणाली. "कुणीतरी बघायलाच हवी. पण उपाशीपोटी नको."

ती मुलगी एका हाताने पुठ्ठा सावरत खायला लागली आणि रडायला लागली, दोन्ही एकदम. मॅमी तिच्याशेजारी भिंतीवर बसली. मी चहा ओतला. बराच वेळ आम्ही सगळ्या समुद्राकडे बघत बसलो. मॅमीही. तिने आत जायची घाई केली नाही.

हे ती तुझ्यासाठी म्हणाली का, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. पण मी ते जसंच्या तसं लिहिलंय, एकही शब्द माझा घातलेला नाही. तेवढा माझ्यावर विश्वास ठेव.

डिम्फना

किलब्रॅक, १४ ऑक्टोबर

प्रिय अट्टी,

रविवारी फोन वाजला तेव्हा मी कोंबड्यांपाशी होते. आत आले तर मॅमी रिसीव्हर कानाला लावून उभी, आणि नुसती "हो... हो गं... हो" म्हणत होती. तिच्या आवाजावरून कळलं कोण आहे. मी पुन्हा बाहेर जाऊन उभी राहिले. तुम्ही काय बोललात ते मी विचारलेलं नाही, आणि ती सांगत नाही. चेहरा मात्र धुतल्यासारखा झालाय. आणि तू शेवटी तिला फोन मला द्यायला सांगितलंस आणि विचारलंस, "नवीन काय लिहितेयस?" बस्स, एवढंच. मी म्हटलं, "छपरांवर राहणाऱ्या मुलींचं आहे." तू म्हणालीस, "समुद्र नाही?" मी म्हटलं, "थेंबभरही नाही." तू हसलीस की खोकलीस ते फोनवर कळलं नाही.

आता कामाचं. पाथरवट डॅनो सोमवारी आला होता. डॅडच्या कबरीच्या दगडावर फिंटनचं नाव घालायचं हे मॅमीने ऑगस्टमध्येच ठरवलं, पण तुझ्याशी बोलल्याशिवाय छिन्नी लावू द्यायची नाही म्हणून अडवून धरलं होतं. तू फोनवर हो म्हणालीस, असं ती सांगते. नावाला हो, आणि जन्माच्या सालाला हो. मृत्यूच्या सालाला नाही.

मला ते साल हवं होतं, अट्टी. लपवत नाही. मी पुस्तकात एका ओळीत मिटवलं तसं दगडावर मिटावं, असं वाटत होतं. मी मॅमीला तसं म्हटलंही. ती म्हणाली, "तुझं पुस्तक तुझं. हा दगड तिघींचा आहे."

डॅनोला पटेना. कबरस्तानात उभा राहून डोकं खाजवत होता. "नाव, साल, मग रेघ, आणि रेघेपुढे काहीच नाही? मिसेस गॅरिही, लोक म्हणतील डॅनोने काम अर्धवट टाकलं."

"म्हणू देत," मॅमी म्हणाली. "रेघ मात्र सरळ काढ."

त्याने ती काढली. मी कडेला उभी राहून बघत होते. सरळ आलीये, आणि तिच्यापुढे गुळगुळीत दगड तसाच आहे, हातभर. त्या ठिकाणी दुपारी ऊन येतं.

तू येतेयस असं मॅमी सांगते; महिनाअखेरीस शॅननच्या विमानतळावर उतरशील तेव्हा मी बाहेर उभी असेन. वाटेत काही बोलायलाच हवं असं नाही. मॅमीने तुझी खोली झाडायला काढलीये आणि मला तिच्यात पाऊल ठेवू देत नाहीये.

थंडी पडलीये. जाडा कोट आण.

डिम्फना